ड्युटीवर पाय घसरून पडलात? ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) लाभ असा मिळवा

पडलात त्याच शिफ्टमध्ये नोंद करा. मुंबईतल्या रुग्णालयांत नेमकं हेच राहून जातं. ओल्या लादीवरून सिस्टर घसरते, ओळखीच्या टेक्निशियनकडून एक्स-रे काढून घेते, क्रेप बँडेज बांधून घरी जाते. उपचार होतात, केसपेपर मात्र निघत नाही. दुखणं वाढलं की अपघात कामावरच झाला हे दाखवायला हातात काहीच नसतं. म्हणून आपल्याच डॉक्टरांनी तपासलं तरी केसपेपर काढाच.

कोण पात्र? पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आणि त्यातून ईएसआयचे 0.75 टक्के कापले जात असतील तर तुम्ही. कंत्राटदाराकडून आलेल्या आया, वॉर्डबॉय, सफाईच्या मावश्याही यात येतात. कंत्राटदाराने हप्ता भरला नाही, तर तो भरण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते. ड्युटीला येताना परळ स्टेशनच्या जिन्यावर पडलात तरी हक्क जात नाही, फक्त वेळ आणि जागेचा कामाशी संबंध दाखवावा लागतो.

इन्चार्जला तोंडी सांगितलं तरी चालतं, पण अपघात नोंदवहीत वेळ, जागा, साक्षीदार लिहून घ्या आणि त्या पानाचा फोटो ठेवा. लादीवर पाणी होतं की सलाइन सांडलं होतं, तेही लिहा. त्यावरून रुग्णालयाने ईएसआयकडे अपघात अहवाल पाठवायचा असतो. पाठवला का, हे स्वतः विचारा. मग ईएसआय दवाखान्यातून रजेचं प्रमाणपत्र घ्या आणि ईएसआयच्या तुमच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. सोबत विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक, केसपेपर, एक्स-रे आणि त्या दिवशीचा ड्युटी चार्ट न्या.

एवढा आग्रह का, ते आकड्यांत पाहा. कामावरची दुखापत मान्य झाली तर सरासरी रोजच्या पगाराच्या 90 टक्के रक्कम, बरे होईपर्यंत मिळते. आधी किती दिवसांचा हप्ता भरला हे बघत नाहीत, म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवशी पडलेल्यालाही ती मिळते. अट एकच, अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम बुडालेलं हवं. तीच दुखापत साधं आजारपण म्हणून नोंदली गेली, तर 70 टक्के, तेही वर्षाला 91 दिवसांपर्यंत आणि 78 दिवसांचा हप्ता भरलेला असेल तरच.

मनगट पुरतं वळत नसेल, गुडघा वाकत नसेल, तर कामावर परतताना अंतिम प्रमाणपत्र घ्या आणि वैद्यकीय मंडळापुढे तपासणीची मागणी शाखा कार्यालयात लेखी द्या. कायमच्या अपंगत्वाचा लाभ मंडळ ठरवेल त्या टक्केवारीवर मिळतो.