जुलैत बेस का खरखरतो?

मे महिन्यापर्यंत स्वच्छ वाजणारा बेस गिटार मुंबई-गोव्याच्या पावसात अचानक कुरकुरू लागतो. नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, पहिल्या चार-पाच फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) कुठेही बोट ठेवा, तार धातूवर घासल्याचा आवाज येतो. कधी उलटं होतं, तारा फ्रेटबोर्डापासून, म्हणजे फ्रेट बसवलेल्या फळीपासून, इतक्या उंच जातात की बारावा फ्रेट दाबताना बोट दुखतं. मग नवे पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या), तारा अडकवायचा महागडा ब्रिज, आवाज घडवणारा वेगळा प्रीअँप अशा खरेदीच्या गप्पा सुरू होतात. बहुतेक वेळा त्यातलं काहीच लागत नाही. ॲलन की (षटकोनी किल्ली), स्टीलची पट्टी, सूर दाखवणारा ट्यूनर, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि मोकळा एक तास एवढ्यावर काम भागतं. फीलर गेज वाद्यांच्या दुकानात शोधत बसू नका. दुचाकीचे टॅपेट जुळवायला मेकॅनिक तेच वापरतात आणि ते स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं.

नेकवर किती ताण असतो याचा अंदाज सहसा नसतो. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरमागे वजन. अमेरिकी वाद्यनिर्माता लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी ठेवली. आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. एवढ्या लांबीत सर्वांत खालच्या सुराच्या ई तारेला ४१.२ हर्ट्झवर आणायचं तर ती जाड आणि जड हवी, आणि तरीही तिला चांगलं ताणावं लागतं. .०४५ ते .१०५ इंच जाडीच्या नेहमीच्या संचातल्या चार तारा मिळून नेकवर ८० ते ९० किलोंची ओढ लावतात. एक धट्टाकट्टा माणूस लाकडाच्या पट्टीला चोवीस तास लोंबकळत असल्यासारखंच ते आहे. या ओढीला उलट ताण देण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई असते, तीच ट्रस रॉड. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं.

म्हणजे नेक सरळ दिसतो तेव्हा तो स्वस्थ नसतो, दोन ओढींच्या मध्ये तोललेला असतो. पावसाळ्यात लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि तो तोल बिघडतो. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ फुगत नाही, आडवं मात्र चांगलंच फुगतं. त्यात नेकच्या पाठीवर लॅकर असतं आणि रोझवुडचा फ्रेटबोर्ड बहुधा उघडा असतो, त्यामुळे दोन बाजू सारख्या वेगाने ओल घेत नाहीत. पावसाळ्यात नेक नेमका पुढेच वाकतो किंवा मागेच जातो, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. लाकडाच्या रेषा कशा कापल्या गेल्या, लॅकर किती जाड आहे, सळई कोणत्या प्रकारची आहे, यावर ते ठरतं. मोजल्याशिवाय ट्रस रॉडचा नट फिरवायचा नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. बेस नेहमीच्या सुरात लावा आणि वाजवताना धरतो तसा मांडीवर घ्या. टेबलावर आडवा ठेवला तर नेकचं स्वतःचं वजन मापात येतं. ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, शक्य असल्यास कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. दुसऱ्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टीच झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तिच्याखाली किती फट आहे ते फीलर गेजने बघा. सर्वसाधारण बेसला ०.३० मिमी बरोबर बसतं, जुन्या घाटाच्या जास्त गोल फ्रेटबोर्डाला ०.३५. गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं.

ही फट हवीच, कारण तार मध्यभागी सर्वांत रुंद डोलते. नेक अगदी सपाट किंवा मागे गेलेला असेल तर आवाज पहिल्या पाच फ्रेटवर येतो. जास्त पुढे वाकला असेल तर बाराव्याच्या पुढे खरखर होते आणि मधल्या भागात तारा उंच वाटतात. सगळीकडेच खरखर असेल तर तारा खाली आहेत. एकाच फ्रेटवर असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचकटलेला असतो, आणि ते काम कारागिराकडे सोपवावं.

ट्रस रॉडचा नट उजवीकडे फिरवला की नेक मागे जाऊन सरळ होतो, डावीकडे फिरवला की फट वाढते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळायच्या आधी तारा थोड्या ढिल्या करा, नंतर परत सुरात लावा, मोजा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण लाकूड सावकाश बसतं. खरं नुकसान होतं ते चुकीच्या ॲलन कीने. अमेरिकी बनावटीच्या अनेक बेसना ३/१६ इंचाची, म्हणजे ४.७६ मिमीची की लागते. आशियाई बनावटीत बहुधा ४ किंवा ५ मिमी. साडेचारची की बसल्यासारखी वाटते, नटाचे कोपरे गोल करते, आणि तो नट मग कुणाच्याच हातात येत नाही. आणखी एक अडचण अशी की जुन्या प्रकारच्या सळया एकाच दिशेने काम करतात. नट पूर्ण ढिला करूनही नेक मागेच वाकलेला राहिला तर जाड तारांचा जास्त ताण हाच उपाय उरतो.

नेक ठीक झाल्यावरच ॲक्शनला, म्हणजे तारांच्या उंचीला, हात लावायचा. नेक हलला की तारांची उंची आपोआप बदलते, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम दोनदा करावं लागतं. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिमी आणि सर्वांत बारीक जी तारेखाली २ मिमी हे सुरुवातीचं माप. जोरात वाजवणाऱ्याने थोडं वर ठेवावं. ‘लो ॲक्शन’चा हट्ट हा बराचसा दुकानातल्या पाच मिनिटांच्या तपासणीतून आलेला असतो.

नंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. तार दाबली की ती किंचित ताणली जाते, आणि सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो. ताण १ टक्का वाढला तर सूर साधारण ८-९ सेंट वर जातो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, तेव्हा कान असलेल्याला हे खटकतंच. जाड तारा वाकायलाही नाखूश असतात, म्हणून ई तारेचं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) जवळजवळ नेहमी सर्वांत मागे असतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करा; घामाने खाल्लेली तार कुठेच नीट लागत नाही.

तारा ‘मरतात’ त्या गंजामुळे कमी आणि वेटोळ्यांत साचलेल्या घाम-कातडीच्या किटणाने जास्त. ते किटण वरचे सूर गिळून टाकतं. उकळत्या पाण्याने तारा एक-दोनदा जिवंत होतात, पण गाभ्याशी पाणी राहून पुढे गंजतात. बंद पाइपमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलात रात्रभर भिजवणं जास्त बरं, मात्र आगीपासून लांब. दमट किनाऱ्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेटोळ्यांच्या गुळगुळीत, तारा हा शहाणा पर्याय आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांवरचे बेसवादक जेम्स जेमर्सन जाड फ्लॅटवाउंड लावत आणि तुटल्याशिवाय सहसा बदलत नसत. नवी राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांची) तार कापताना आधी काटकोनात वाकवा, मग कापा. उलट केलं तर वरचं वेटोळं सुटतं आणि तार नवी असूनच मेलेली निघते.

कोरड्या हवेत तक्रार वेगळी असते. नागपूरच्या मे महिन्यात किंवा न्यू जर्सीच्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात फ्रेटबोर्ड आडवा आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेला करवतीसारखी टोचू लागतात. लगेच कानस चालवू नये. आधी केसमध्ये ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास आणून दोन आठवडे थांबा, कदाचित कानस लागणारच नाही. पावसाळ्यात त्याच केसमध्ये सिलिका जेल आणि ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवावा.

आता पिकअप. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत अडीच ते तीन मिमी अंतर ठेवा. आवाज वाढावा म्हणून पिकअप वर आणला तर चुंबक तारेला खेचून धरतं, सूर लवकर विझतो आणि डगमगतो. फेंडरच्याच जॅझ बेसच्या सिंगल-कॉइल (एकेरी गुंडाळीच्या) पिकअपची घूं मात्र विजेची आहे, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली. १०० हर्ट्झची घूं मोकळ्या जी तारेच्या, म्हणजे ९८ हर्ट्झच्या, अगदी शेजारी बसते, म्हणून कानाला जास्तच त्रास देते. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की ती बरीच कमी होते. तारांना हात लावल्यावरच घूं थांबत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून ती सर्किटच्या अर्थ वायरला जोडणं हा स्वस्त उपाय. पण माइकला ओठ लागून झटका बसत असेल तर बेसकडे बघूच नका, आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग नसलेल्या प्लगवर ॲम्प लावणं जिवाशी खेळ आहे. सक्रिय सर्किटचा, म्हणजे बॅटरीवर चालणारा, बेस खुंटीला टांगताना केबल काढून ठेवा, ती जॅकमध्ये राहिली की नऊ व्होल्टची बॅटरी रात्रभर संपत राहते.

जुना बेस घेताना नेकच्या टोकाकडून एका डोळ्याने दोन्ही कडा बघा. धनुष्यासारखा वाक सुधारतो, पिळलेला नेक नाही. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवून बघा. व्हॉल्यूमच्या पॉटची (फिरत्या बटणाखालच्या भागाची) खरखर काँटॅक्ट क्लीनरने जाते, तिच्यावरून भाव पाडता येतो. विकणाऱ्यासमोरच ट्रस रॉडच्या नटात बरोबर मापाची की घाला. ती घट्ट बसत नसेल, किंवा नट शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेला दिसत असेल, तर भाव कितीही उतरवला तरी तो बेस तिथेच ठेवून यावं.