शब्द पाठ आहे, पण ऐनवेळी आठवत नाही

इंग्रजी शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्या वह्या बहुतेक सारख्याच असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये देवनागरीत उच्चार, उजवीकडे मराठी अर्थ. एका पानावर सगळ्या भाज्या, दुसऱ्यावर सगळी नाती, तिसऱ्यावर शरीराचे अवयव. रोज रात्री तीच पानं डोळ्यांखालून घालायची. आठवडाभरात सगळं ओळखीचं होतं. मग पालकसभेत बाई इंग्रजीत काही विचारतात, किंवा बँकेतून फोन येतो, आणि त्यातला एक शब्द तोंडातून फुटेल तर शपथ. माणूस स्वतःला दोष देऊन मोकळा होतो: आता वय झालं, डोक्यात राहत नाही. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण डोकं ठणठणीत असतं. चुकते ती पाठांतराची पद्धत.

२००८ साली जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवले. एखाद्या शब्दाचा अर्थ एकदा बरोबर सांगता आला की पुढे काय करायचं, यात गटागटांत फरक ठेवला होता. काहींना तो शब्द पुन्हा पुन्हा वाचायला मिळे, पण त्यावर प्रश्न विचारला जात नसे. काहींना पुन्हा वाचायला मिळत नसे, पण दर फेरीला अर्थ आठवून सांगावा लागे. आठवड्याने परीक्षा झाली. आठवून सांगणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले, नुसतं वाचणाऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश. शिकून झाल्यावर सगळ्यांना एक प्रश्न विचारला होता: आठवड्याने किती शब्द आठवतील? सगळ्या गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं. आपलं किती पाठ झालंय याचा आपलाच अंदाज किती फसवा असतो, हे त्यातून दिसतं. वही वाचताना जो ‘हो, हे येतंय’ असा दिलासा मिळतो, तो शब्द ओळखल्याचा असतो. बोलताना लागतं ते समोर काही नसताना शब्द शोधून काढणं, आणि त्याचा सराव वहीवर नुसती नजर फिरवून होत नाही.

म्हणून बोलायला शिकायचं असेल तर इंग्रजीचा रकाना हाताने झाका, मराठी वाचा, आणि इंग्रजी मोठ्याने म्हणा. आठवलं नाही तरी चार-पाच सेकंद खटपट करा, मगच हात उचला. मनातल्या मनात म्हणण्यापेक्षा मोठ्याने म्हटलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरा प्रश्न, उजळणी कधी करायची. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही काळाने तेच पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचं, अशी त्याची रीत. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक फायदा नाहीसा होई, पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावत जाई. या विसरण्याशी भांडण्यापेक्षा त्याचा उपयोग करून घेता येतो. हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या कुटुंबातल्या तिघांना सोबत घेऊन परक्या भाषेतले ३०० शब्द शिकण्याचा प्रयोग केला. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी होई, काहींची २८, काहींची ५६ दिवसांनी. पुढे पाच वर्षांपर्यंत कोणाला काय आठवतं ते पाहिलं. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांच्या तोडीस तोड ठरल्या. श्रम निम्मे, फळ तेवढंच. मात्र मोठ्या अंतराने शिकताना दर वेळी जास्त शब्द विसरलेले असत. तो काळ निराशेचा वाटतो, आणि नेमके तिथेच बरेच जण वही मिटून ठेवतात.

कोणते शब्द आधी शिकायचे याचं उत्तर मात्र सोपं आहे. भाषेत थोडे शब्द सतत येतात आणि बाकीचे क्वचित. ब्राउन विद्यापीठाने १९६०च्या दशकात सुमारे दहा लाख इंग्रजी शब्दांचा मजकूर गोळा करून मोजणी केली, तेव्हा ‘द’ हा एकटा शब्दच जवळजवळ ७ टक्के जागा व्यापून होता. त्याच्याही आधी, १९२०च्या दशकात ढाक्यात काम करणारे मायकेल वेस्ट बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास करत होते. अनोळखी शब्दांची गर्दी झाली की मूल वाचायचं थांबतं, हे ओळखून त्यांनी मोजक्या, वारंवार येणाऱ्या शब्दांत पाठ्यपुस्तकं बेतली. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी निघाली. जगभरच्या इंग्रजी शिक्षणावर तिचा प्रभाव पडला. रोजच्या बोलण्यासाठी असे दोन हजार शब्द पक्के असणं हे दहा हजार अर्धवट ओळखीच्या शब्दांपेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

तरीही सुटे शब्द पुरत नाहीत. दवाखान्यात एखाद्याला सांगायचं असतं, ‘मला दोन दिवस ताप आहे.’ तो ‘फीव्हर’, ‘टू’, ‘डेज’ हे तिन्ही शब्द जाणतो, पण मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि इंग्रजी मध्ये, शिवाय ‘फॉर’ हा शब्द ‘टू डेज’च्या आधी लावायचा. डॉक्टर समोर बसलेले असताना एवढी जुळवाजुळव मनात करायची म्हटलं की गाडी अडते. त्याऐवजी ‘आय हॅव हॅड अ फीव्हर फॉर टू डेज’ हे आख्खं वाक्य पाठ असेल, तर ‘फीव्हर’च्या जागी ‘कफ’ किंवा ‘हेडेक’, ‘टू डेज’च्या जागी ‘अ वीक’ एवढंच बदलायचं राहतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही असंच बोलतात. स्वीडनमधल्या ब्रिट एर्मान आणि बिएट्रिस वॉरन यांनी २००० साली इंग्रजी मजकूर तपासला, तेव्हा बोली आणि लेखी दोन्हींत निम्म्याहून अधिक भाग अशा तयार शब्दगटांचा निघाला.

भाज्यांचं पान आणि नात्यांचं पान यांचाही फेरविचार करायला हवा. थॉमस टिंकहॅम आणि रॉबर्ट वेअरिंग यांनी १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकले तर ते पाठ व्हायला जास्त वेळ लागतो असं आढळलं. ‘नेफ्यू’ आणि ‘नीस’ एकाच रात्री शिकले तर त्यांची अदलाबदल होते. एक आज पक्का करावा, दुसरा पुढच्या आठवड्यात.

वहीपेक्षा कागदाच्या चिठ्ठ्या बऱ्या. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७०च्या दशकात सुचवलेली पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे, आणि आजची पाठांतराची बरीच मोबाइल अ‍ॅप्स याच धर्तीवर चालतात. बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याने पाच कप्पे करायचे. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की ती पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, पुढचे आणखी उशिरा. पहिल्या चिठ्ठ्यांवर पुस्तकातली वाक्यं नकोत. या महिन्यात जिथे खरंच बोलावं लागणार आहे तिथली हवीत: मुलाच्या शाळेत विचारायचे तीन प्रश्न, औषधाच्या दुकानात सांगायची दोन वाक्यं, आणि फोनवर नीट ऐकू आलं नाही तर म्हणायचं ‘कुड यू प्लीज से दॅट अगेन?’