एक्सचं अकाउंट काढून दिलं, आता पुढं काय?

आमच्याकडं फ्लेक्स, हँडबिलं, पावती पुस्तकं, लग्नपत्रिका करून घेणारे बरेच जण हल्ली जाता जाता म्हणतात, ते ट्विटरचं पण एक अकाउंट काढून द्या की. काढून देतो, त्यात काही अवघड नाही. पण दोन महिन्यांनी फोन येतो, अहो काहीच होत नाही त्यावर. बघायला गेलं तर तीन पोस्ट असतात, तिन्ही शुभेच्छांच्या, आणि खाली एका माणसानं पत्ता विचारलेला असतो, त्याला उत्तरच नाही. म्हणून हे माहितीपत्रक. काम आमच्याकडं दिलं असलं किंवा घरच्या घरी करणार असला, दोन्हीला चालेल.

नाव 2023 च्या जुलैपासून एक्स झालं, लोक अजून ट्विटरच म्हणतात, आम्हीपण दोन्ही म्हणू, समजून घ्या.

आधी हे बघा की तुम्हाला ते पाहिजे का

सरळ सांगतो, सगळ्यांना लागत नाही. तुमची बेकरी असेल आणि गिऱ्हाईक सगळं आसपासच्या गल्लीतलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आणि थोडं इन्स्टाग्राम बास झालं, एक्सवर वेळ घालवू नका. पण वाचनालय, पतसंस्था, शाळा, तालीम, फुटबॉलचा संघ, सामाजिक संस्था, नाहीतर बाहेरगावी माल पाठवणारे लोक, म्हणजे चप्पल, गूळ, हुपरीची चांदी, उद्यमनगरातले कारखानदार, यांना त्याचा उपयोग आहे. कारण तिथं पत्रकार असतात, सरकारी ऑफिसं असतात, आमदार खासदार असतात, आणि कोल्हापूर सोडून पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात गेलेली आपली माणसं असतात. शिवाय तुमचा नंबर ज्याच्याकडं नाही त्यालाही तुमची पोस्ट दिसते, शोधली तर सापडते आणि एकानं पुढं ढकलली की त्याच्या ओळखीच्यांपर्यंत जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात टाकलेलं ग्रुपातच राहतं.

2025 च्या जूनमध्ये काय झालं आठवतंय का? मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं काय, भारताचं पण नाव घेतलं नव्हतं, मग सोशल मीडियावर जी बोंब उठली त्यानंतर कंपनीनं मान्य केलं की हे भारतीय कारागिरीवरून सुचलंय. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2019 ला मिळालाय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, पण ही गोष्ट त्या आठवड्यात कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळली. आता विचार करा, अशा वेळी जगभरातनं लोक कोल्हापुरी म्हणून शोधत असतात आणि तुमच्या अकाउंटवर काय आहे तर दिवाळीच्या शुभेच्छा. ज्याच्याकडं कातडं कसं कमावतात, वेणी कशी घालतात याचे फोटो आधीपासून पडलेत त्याच्याकडं माणूस थांबणार. लाट आल्यावर फोटो काढायला पळून उपयोग नाही.

अकाउंट काढताना

पहिली गोष्ट, ईमेल आणि मोबाइल नंबर संस्थेचा द्या. पुतण्याचा, भाच्याचा, कॉम्प्युटर येणाऱ्या कारकुनाचा नको. पोरगं नोकरीला पुण्याला जातं, जुनं सिम बंद होतं आणि मग पासवर्ड कुणालाच माहीत नसतो, अशी अकाउंट सोडवून घ्यायला लई तंगायला होतं. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय, लावाच. फुकटच्या अकाउंटला एसएमएसवर कोड यायची सोय 2023 च्या मार्चपासून बंद झालीय, त्यामुळं मोबाइलवर तो कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्यावं लागतं, ते आम्ही बसून लावून देतो.

युजरनेमला 15 अक्षरं मिळतात आणि ती रोमनमध्येच लागतात, म्हणून 'श्री अमुक तमुक बहुउद्देशीय सेवाभावी संस्था' असं सगळं तिथं कोंबायला बघू नका, छोटं आणि फोनवर सांगता येईल असं घ्या. वरचं दिसणारं नाव मात्र मराठीत ठेवता येतं, त्याला 50 ची जागा आहे. बायोला, म्हणजे नावाखालच्या ओळखीच्या ओळींना, 160. त्यात तुम्ही काय करता, कुठं आहात आणि किती ते किती उघडं असता, एवढं आलं की झालं. 'ग्राहकांचा संतोष हेच आमचं समाधान' हे पावतीच्या मागं छान दिसतं, इथं जागा खातं.

निळ्या टिकबद्दल रोज कुणीतरी विचारतं. पूर्वी ती ओळख तपासून फुकट द्यायचे, 2023 च्या एप्रिलमध्ये त्या जुन्या टिका काढून टाकल्या, आता महिन्याचे पैसे भरले की मिळते. सोनेरी संस्था-कंपन्यांना, करडी सरकारी खात्यांना. निळीचे दर बदलत असतात, अ‍ॅपमध्ये बघून घ्या. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ते पैसे चांगले फोटो काढून घ्यायला घाला.

लिहायचं काय

फुकटच्या अकाउंटला एका पोस्टमध्ये 280 अक्षरं. सुरुवातीला 140 होती, एसएमएसच्या 160 मध्ये नाव धरून बसावं म्हणून, 2017 ला दुप्पट केली. पण मराठीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, इथं काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडला तर तोसुद्धा, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'कोल्हापूर' आपण बोलतो चार अक्षरांत, मोजणीत ते नऊ होतं. चार ओळींतच जागा संपली असं वाटतं ते त्यामुळं. लिंक कितीही लांब असली तरी 23 च धरतात, तेवढी सवलत आहे.

आता हे बघा. एका चप्पलवाल्यांची पोस्ट साधारण अशी असते: 'आमच्याकडे उत्तम दर्जाच्या अस्सल कोल्हापुरी चपला योग्य दरात मिळतील, एकदा अवश्य भेट द्या.' यात चूक काही नाही, पण हे वाक्य चप्पल लाइनमधल्या प्रत्येक दुकानाला लागू पडतं, मग तुमच्याकडंच का यायचं? त्याऐवजी एकाच चपलेचा जवळून फोटो घ्या आणि खाली लिहा:

'ही कापशी. कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, शिलाई चामड्याच्या वादीची. नवीन असताना टाचेला लागेल, तेलाचा हात फिरवा आणि दोन-चार दिवस घरातच घाला. पावसात मात्र घालू नका.'

हे 280 मध्ये आरामात बसतं. आणि 'टाचेला लागेल' हे तुम्ही स्वतःच सांगितलंत म्हणून बाकीच्यावर विश्वास बसतो, गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या दिवशी कळणारच असतं की. दुकानात उभं राहून तुम्ही गिऱ्हाइकाला जे सांगता तेच लिहायचं, आम्हाला फोनवर व्हॉइस नोट करून पाठवलं तरी आम्ही टाइप करून टाकतो, उलट ते जास्त चांगलं येतं.

फोटोबद्दल एक विनंती आहे, आणि ही आम्ही स्वतः फ्लेक्स छापणारे असून करतोय. फ्लेक्सची डिझाइन तशीच एक्सवर टाकू नका. चौकात ते वीस फुटांचं असतं म्हणून सगळ्या संचालकांचे चेहरे दिसतात, मोबाइलवर ते चेहरे मोहरीएवढे होतात आणि मजकूर कुणाला वाचता येत नाही. ज्यांचा फोटो वर नाही ते रुसतात ते वेगळंच. एका पोस्टला चार फोटो लावता येतात, चारही लावलेच पाहिजेत असं नाही. फुकटच्या अकाउंटला व्हिडिओ दोन मिनिटं वीस सेकंदांपर्यंत चालतो. फोटोसोबत वर्णन लिहायची सोय आहे ती वापरा, ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन ते वाचून दाखवतो.

हॅशटॅग एक, फार तर दोन. मधे जागा सोडली की टॅग तिथंच तुटतो, #कोल्हापुरी चप्पल लिहिलं तर टॅग फक्त 'कोल्हापुरी'चा होतो, म्हणून #कोल्हापुरी_चप्पल असं खाली रेघ देऊन लिहा. देशात कुठला तरी टॅग गाजतोय म्हणून आपला माल त्याला चिकटवायचा उद्योग नको.

26 जूनला शाहू जयंतीला सगळं कोल्हापूर अभिवादनाच्या पोस्ट टाकतं, तुम्हीपण टाकालच. पण तुमची संस्था महाराजांच्या काळात सुरू झालेल्या बोर्डिंगांपैकी असेल तर कपाटातलं जुनं हजेरीपुस्तक, जुन्या इमारतीचा फोटो, असलं काहीतरी काढा. ते दुसऱ्या कुणाकडं नसतं.

उत्तरं तुम्हीच द्यायची

पोस्ट आम्ही लिहून देऊ, फोटो नीट करून देऊ, वेळेवर टाकू. खाली लोक जे विचारतात त्याचं उत्तर आमच्याकडं नसतं. आठ नंबर शिल्लक आहे का, सभासद फी किती, शनिवारी वाचनालय उघडं का, हे तुम्हालाच माहीत. म्हणून तुमच्यातला एक माणूस ठरवून द्या, त्यानं सकाळी दुकान उघडल्यावर आणि संध्याकाळी एकदा बघायचं. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची गरज नाही. पण 'डीएम करा', म्हणजे खासगी मेसेज करा, एवढंच प्रत्येकाला लिहू नका, किंमत विचारली तर किंमत सांगा, तोच प्रश्न मनात असलेले आणखी लोक ते वाचत असतात.

तक्रार आली की बऱ्याच जणांचा हात आधी ब्लॉककडं जातो. नको. समजा कुणी लिहिलं, पार्सल आलं, एक चप्पल आठ नंबर आणि दुसरी नऊ. सगळ्यांसमोर दोन ओळीत लिहा की चूक आमची, बदलून देतो, ऑर्डरचा तपशील मेसेजमध्ये पाठवा. पुढचं बोलणं मेसेजमध्ये करा. आणि काम झालं की परत त्याच पोस्टखाली येऊन लिहा, बदली पार्सल आज पाठवलं. ही शेवटची ओळ लोक विसरतात, आणि नंतर बघणाऱ्याला वाटतं माणूस बिचारा अजून तसाच बसलाय.

फोन नंबर, पत्ता, खाते क्रमांक असलं काही कुणाकडूनही उघड्यावर मागू नका. पतसंस्थावाल्यांनी तर हे वहीत लिहून ठेवा. तक्रार दिसली की तुमचंच नाव आणि लोगो लावलेलं खोटं अकाउंट खाली येऊन 'कस्टमर केअर' म्हणून नंबर देतं आणि ओटीपी मागतं, हे प्रकार चालू आहेत. आपण ओटीपी कधीच मागत नाही अशी एक पोस्ट लिहून वर पिन करून ठेवा.

शिव्या देणाऱ्याशी वाद नको, म्यूट करा, त्याला कळत पण नाही. फुटबॉलचा सीझन असला की पेठांपेठांत काय चालतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको, तेव्हा पोस्ट टाकतानाच उत्तर कोण देऊ शकतं ते मर्यादित ठेवता येतं. आणि अकाउंट बघणाऱ्या माणसाचं स्वतःचं अकाउंट त्याच अ‍ॅपमध्ये असेल तर टाकायच्या आधी वरचा फोटो कुणाचा आहे ते बघायची सवय लावा. रात्री त्याचं राजकारणावरचं मत शाळेच्या नावानं गेलं की सकाळी पालक गेटवर.

पोल घ्यायला मजा येते, चार पर्याय, प्रत्येकी 25 अक्षरं, जास्तीत जास्त सात दिवस. तांबडा का पांढरा असला पोल गमतीला ठीक, पण वाचनालयानं वेळेबद्दल पोल घेतला तर निकालासारखं करायची तयारी पाहिजे. करायचं नसेल तर विचारू नका.

पावसाळ्यात वेगळं

जुलै-ऑगस्टमध्ये इथं सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असतं, 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021 च्या पुरात जुने फोटो, बंद नसलेले रस्ते बंद, असलं काय काय फिरलं ते आठवत असेल. तुमच्या पोस्टमध्ये तारीख आणि वेळ लिहाच, कारण पोस्ट सहा तासांनी पण कुणाच्या तरी समोर येते. पाणी किती आणि रस्ता कुठला बंद हे जिल्हा प्रशासनाच्या अकाउंटवरूनच पुढं पाठवा. स्वतःचं एवढंच सांगा, दुकान सुरू आहे का, पार्सल कधी निघणार, शाळा भरणार का. परिस्थिती बदलली की जुन्या पोस्टखाली बदल लिहा. त्या आठवड्यात सेलच्या पोस्ट थांबवतो आम्ही, तुम्ही सांगितलं तरी थांबवतो.

फॉलोअर विकत आणून द्या असं कुणी म्हणालं तर आमच्याकडं ते काम होत नाही, नियमात बसत नाही आणि ती अकाउंट चप्पल घेत नाहीत. प्रत्येक पोस्टखाली किती जणांना दिसली तो आकडा येतो, त्यावर फार जाऊ नका. नवीन माणूस आला की काउंटरवर विचारा, कुठं बघितलं आमचं? वहीत एक खूण करा. तीन महिन्यांनी ती वही घेऊन या, मग पुढं चालू ठेवायचं की बंद करायचं ते बसून ठरवू.

पहिल्यांदा येताना लोगोची मूळ फाइल आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, ती फाटते. संस्थेचं सिम ज्या मोबाइलमध्ये आहे तो मोबाइल आणा, आणि उत्तरं देणारा माणूसही सोबत आणा. पासवर्ड कागदावर लिहून आणू नका, इथं बसून तुमचं तुम्हीच टाइप करा, आम्ही तिकडं बघत नाही.