मोटरसायकलवर टू-वे रेडिओ: परवाना कधी लागतो, कोणाला लागतो आणि अर्ज कुठे अडतो

सोलापुरातून हंपी, बदामी किंवा कोकणात ग्रुपने निघणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: गाड्यांवर वॉकी-टॉकी लावायचे आहेत, परवाना काढावा लागेल का? उत्तर रेडिओ कुठला यावर ठरतं. बहुतेक जण मात्र सेट आधी मागवतात आणि कागदांचं नंतर विचारतात. तेवढ्यानेच निम्मी प्रकरणं बिघडतात.

हेल्मेटमधला ब्लूटूथ किंवा मेश (अनेक हेल्मेट आपापसांत जोडणारा) इंटरकॉम २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. त्याला अर्ज नाही, परीक्षा नाही. चार-पाच गाड्या एकमेकींच्या नजरेत राहणार असतील तर इथेच थांबा. पुढचं वाचायची गरज नाही.

गाड्या लांब पांगतात, घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून खरा रेडिओ हवा असेल तर आपल्याकडे विनापरवाना दोन जागा मोकळ्या आहेत. पहिली सिटिझन बँड, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, कमाल ५ वॅट. ती २००५ पासून खुली आहे, पण मोटरसायकलला अडचणीची. या वारंवारतेला पाव तरंगलांबीचा अँटेना पावणेतीन मीटर होतो. आखूड केला की पल्लाही घटतो. दुसरी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ. २०१८ च्या नियमांनी कमी शक्तीच्या सेटना इथे परवान्यातून सूट दिली आहे. पाव तरंगलांबी इथे जेमतेम १७ सेंटीमीटर. टूरिंगवाल्यांपैकी बहुतेकांचं काम यात भागतं.

आता पहिली अडचण. परवान्यातून सूट मिळाली म्हणजे कुठलाही सेट चालतो असं नाही. त्या मॉडेलला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेची ईटीए, म्हणजे त्या प्रकारच्या यंत्राला दिलेली मंजुरी, असावी लागते. ती तुम्हाला काढायची नसते, बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने काढलेली असते. तुम्ही फक्त प्रमाणपत्राची प्रत मागायची. दुकानदार "आहे हो, सगळं ओके आहे" म्हणाला तर प्रत हातात येईपर्यंत पैसे देऊ नका. बिलावरचं, प्रमाणपत्रावरचं आणि सेटच्या पाठीवरच्या स्टिकरवरचं मॉडेल अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. शेवटी एक ए किंवा प्लस जास्त असला तरी तो कागद तुमच्या सेटचा नाही.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेचसे हँडसेट १३६ ते १७४ आणि ४०० च्या वरच्या मोठ्या पट्ट्यात कुठेही बोलू शकतात. त्या पट्ट्यात पोलीस, सरकारी खाती आणि परवानाधारक कंपन्याही बोलत असतात. "आम्ही ४४६ वरच ठेवतो" हा बचाव कामाचा नाही, कारण १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून विनापरवाना यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा धरला गेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये याच विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. वारंवारता कोणती, परवाना लागतो का, ईटीए आहे का, हे आता विक्रेत्याने लिहायला हवं. ज्या जाहिरातीत हे नाही, ती सोडून द्या.

आता हॅम परवाना. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर जास्त शक्तीने, लांबवर बोलायचं असेल तर हौशी रेडिओ केंद्राचा परवाना लागतो. अर्ज करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते: हा परवाना माणसाचा असतो, ग्रुपचा नाही. पुढच्या गाडीवाल्याने परवाना काढला म्हणून मागच्या सात जणांना त्या वारंवारतेवर बोलता येत नाही. प्रत्येकाचा परवाना वेगळा, कॉल साइन (रेडिओवर ओळख सांगायचं सरकारने दिलेलं नाव) वेगळी. शिवाय हॅम पट्ट्यात धंद्याचं बोलणं चालत नाही. पैसे घेऊन टूर नेणाऱ्याने तिथे पाहुण्यांना सूचना देणं नियमात बसत नाही. गाणी लावणं आणि सांकेतिक भाषेत बोलणंही नाही. आठ जणांपैकी परीक्षा द्यायला दोघेच तयार असतील तर हॅमचा नाद सोडा आणि ४४६ घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

तरी करायचंच असेल, आणि शिकण्याची आवड असेल तर जरूर करा, तर पात्रता अशी: भारतीय नागरिक, वय किमान १२ वर्षं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेघांची तारेची लिपी) यावं लागतं, रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. मोटरसायकलवर बोलण्यासाठी रिस्ट्रिक्टेड पुरते. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर होतो. पेपरचे दोन भाग असतात, रेडिओचं तंत्र आणि नियम. दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. वायरमन, इलेक्ट्रॉनिक्सवाली मुलं तंत्रात भरपूर गुण घेतात आणि नियमांचा भाग हलक्यात घेऊन नापास होतात. क्यू कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी ठरलेले संकेत), फोनेटिक अक्षरं (अल्फा, ब्राव्हो अशी), संकटसंदेशाची पद्धत हे पाठच करा.

परीक्षेचं केंद्र निवडताना सोलापूरकर सवयीने मुंबई टाकतात. हैदराबादेतही डब्ल्यूपीसीचं देखरेख केंद्र आहे आणि ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ पडतं, तेव्हा अर्जात तो पर्याय दिसतो का ते आधी पाहा. एका पेपरसाठी जिल्ह्याच्या मुलाने रात्रभर प्रवास करावा, ही व्यवस्था बदलायला हवी. पण आज ती तशीच आहे, तेव्हा तारीख आली की तिकीट लगेच काढा.

कागदपत्रांत ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो. साधी यादी आहे, पण आपल्याकडे ती नावावर अडते. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. लग्न झालेल्या बायकांचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरचं. खिडकीवरच्या माणसाला हे समजतं, पोर्टलवर तपासणाऱ्याला समजेलच असं नाही. म्हणून परीक्षेच्या अर्जाआधीच आधार दुरुस्त करून घ्या किंवा राजपत्रातला नावबदल हाताशी ठेवा. परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापून येतं तेच पुढे परवान्यापर्यंत जातं. नोकरीसाठी पुण्यात राहून आधारवर सोलापूरचा पत्ता असलेल्यांनी रेडिओ केंद्राचा पत्ता कुठला द्यायचा ते आताच ठरवावं. परवान्यावर तो पत्ता येतो आणि बदलला तर कळवून नोंद करून घ्यावी लागते.

शेवटच्या तारखेचा घोळही नेहमीचा. फॉर्म भरून "सेव्ह" केला म्हणजे अर्ज गेला असं नव्हे. शुल्क जमा होऊन पावती निघाली की तो गेला. बँकेतून पैसे कापले गेले आणि पोर्टलवर पेंडिंग दिसतं, असं झालं तर व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. शेवटच्या संध्याकाळची वाट पाहू नका.

आणि हे तर मोठ्याने सांगायला हवं: परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नाही. त्या कागदावर बोलता येणार नाही. परवान्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. परवाना २० वर्षांसाठी किंवा आजीवन मिळतो, शुल्क अनुक्रमे १००० आणि २००० रुपये. त्यानंतरच कॉल साइन येते, रिस्ट्रिक्टेडला साधारणपणे व्हीयू३ ने सुरू होणारी. पास झाल्याच्या आनंदात सेट विकत घेऊन बोलायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कोणी हे सांगितलेलंच नसतं. परवाना हातात आला की त्यातल्या चालत्या वाहनासंबंधीच्या अटी वाचा आणि मगच अँटेना गाडीला लावा. हा परवाना भारतापुरता आहे. भूतान, नेपाळला जाताना तिथली परवानगी वेगळी.

जोडणीबद्दल एकच गोष्ट कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ पासून गाडी चालवताना हातात धरायचं संपर्कसाधन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० रुपये दंड, कैदेचीही तरतूद. परवाना असला तरी एका हातात सेट धरून बोलू नका. सेट टँक बॅगेत किंवा ब्रॅकेटवर, माइक-स्पीकर हेल्मेटमध्ये आणि बोलायचं बटण डाव्या हँडलवर, अंगठ्याला लागेल असं. आवाजावर आपोआप चालू होणारी सोय बंद ठेवा. ऐंशीच्या वेगाला वाराच ती चालू करतो आणि बाकी सगळ्यांचं बोलणं अडतं.

निघताना बिल, ईटीएची प्रत आणि असेल तर परवाना, तिन्ही छापील स्वरूपात आरसीसोबत ठेवा. नाक्यावर ऑनलाइन प्रत उघडायला रेंज असेलच असं नाही.