मॉडर्न कलेक्टिबल कन्व्हर्टिबलची ऑक्शनमध्ये विक्री

उघड्या टपाची, वयाने तशी तरुण पण आत्तापासूनच जपून ठेवण्यालायक ठरलेली गाडी क्लासिक कार ऑक्शनमध्ये विकणं हा आता चांगला रुळलेला व्यवहार आहे. पूर्वी या लिलावांत दुसऱ्या महायुद्धाआधीच्या आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांचाच दबदबा असायचा, आता त्याच रॅम्पवर होंडा एस२०००, बीएमडब्ल्यू झेड८, पोर्शे स्पीडस्टर, फेरारी ५५० बार्केटा अशा गाड्या येतात आणि लोक तितक्याच जोरात हात वर करतात. मॉडर्न कलेक्टिबलची पक्की व्याख्या कुणी केलेली नाही, पण साधारण १९९० च्या आसपासची किंवा त्यानंतरची, कमी संख्येत निघालेली किंवा पुन्हा तशी निघणार नाही अशी गाडी म्हणजे मॉडर्न कलेक्टिबल असं धरून चालतात.

संख्या इथे फार महत्त्वाची, आणि नव्या गाड्यांच्या बाबतीत ती बऱ्याचदा नेमकी माहीत असते. झेड८ २००० ते २००३ दरम्यान ५,७०३ निघाल्या, त्यातल्या ५५५ आल्पिना या बीएमडब्ल्यूवर काम करणाऱ्या कंपनीच्या आवृत्तीच्या. २०१० ची, ९११ मॉडेलच्या ९९७ पिढीतली पोर्शे स्पीडस्टर ३५६ च निघाली कारण कंपनीची पहिली गाडी ३५६ या नावाची, आणि २०१९ ची स्पीडस्टर १,९४८ कारण पहिली पोर्शे १९४८ सालची. ५५० बार्केटा ४४८, तिच्यानंतरची फिरत्या काचेच्या छताची ५७५ सुपरअमेरिका ५५९. होंडाने एस२००० भरपूर बनवल्या पण अमेरिकेत विकलेली सीआर आवृत्ती फक्त ६९९, तिच्यात वजन कमी करायला कापडी टपच काढून टाकला होता आणि त्याजागी उचलून ठेवायचा हार्डटॉप, म्हणजे कडक छत, दिला होता. या सगळ्यात मॅन्युअल गिअरबॉक्स असला की भाव वेगळाच, सुपरअमेरिकात तर बहुतेक गाड्या स्टीअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलायच्या असल्यामुळे मोजक्या मॅन्युअल गाड्यांसाठी लोक कितीतरी जास्त मोजतात.

आता जुनी क्लासिक आणि ही नवी यांच्या विक्रीत फरक काय, तर जुन्या गाडीत रिस्टोरेशन हा गुण असतो, चांगल्या हातांनी पुन्हा उभी केलेली गाडी म्हणून तिचं कौतुक होतं, पण २००१ सालच्या गाडीला रिस्टोरेशन झालंय म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते, कारण वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला पुन्हा रंग का द्यावा लागला हा पहिला प्रश्न येतो. घेणारे रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन घेऊनच येतात, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घरात असतो, एका दारावर एकदम २५० दिसलं की तिथे काहीतरी काम झालेलं आहे. त्यामुळे एखादा बंपर रंगवला असेल तर तो कुणी शोधून काढायच्या आधी आपणच सांगून टाकावा आणि बिल जोडावं. सांगितलेला दोष पचतो, सापडलेला पचत नाही.

टप हा कन्व्हर्टिबलचा खरा कस. प्रीव्ह्यूच्या दिवशी, म्हणजे लिलावाआधी गाड्या तंबूत रांगेने लावून बघायला ठेवतात तेव्हा, जाणकार माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि मग शांतपणे म्हणतो की टप खाली करून दाखवा. बटण दाबलं की खिट्ट्या सुटतात, मागचं झाकण वर येतं, कापड घडी घालत मागे जातं, आणि या पंधरा-वीस सेकंदांत तो कापडाकडे बघतच नाही, त्याचं लक्ष दोन्ही बाजूंच्या हायड्रॉलिक दांड्यांवर असतं. एक बाजू बोटभर मागे राहिली, मोटरचा आवाज मध्येच जड झाला, किंवा बिजागरीजवळ बोट फिरवल्यावर तेलाचा ओशट डाग आला, की त्याने मनातल्या मनात बोलीतून काही हजार डॉलर कापलेले असतात. मग तो सीटच्या मागचा कार्पेट दाबून बघतो. टपाजवळच्या पाणी वाहून जायच्या नळ्या पानं-मातीने तुंबल्या की पाणी आत उतरतं, कार्पेट वरून कोरडा वाटतो पण खालचा फोम ओला राहतो, आणि तो वास कितीही परफ्यूम मारलं तरी लपत नाही. ज्या गाड्यांची मागची खिडकी प्लास्टिकची आहे त्यांची खिडकी पिवळी पडली का, घडीवर पांढरी रेघ उमटली का हेही बघतात, थंडीत अशी खिडकी घडी केली तर ती तडकते, त्यामुळे जपणारे मालक मध्ये मऊ टॉवेल ठेवूनच टप खाली घेतात. म्हणून लिलावाच्या दोनेक महिने आधी टप दहा वेळा तरी उघडून-मिटून बघावा आणि गळती असेल तर तेव्हाच दुरुस्त करावी, पॉलिशवर पैसे घालण्यापेक्षा तिथे घातलेले पैसे परत येतात असं मी ठामपणे म्हणेन. ५५० बार्केटाचं प्रकरण निराळं, तिचा कापडी टप हाताने बसवायचा आणि अचानक आलेल्या पावसापुरताच आहे, तो चढवून ताशी ११० किलोमीटरच्या पुढे जाऊ नका असं कंपनीनेच सांगितलेलं, पण त्या गाडीसोबत तो टप त्याच्या पिशवीसकट असलाच पाहिजे.

सोबतच्या वस्तूंचं असंच. दोन्ही किल्ल्या, माहितीपुस्तक, सर्व्हिस बुक, टूलकिट, बॅटरी चार्जर, अमेरिकेतली गाडी असेल तर काचेवरचा मूळ किमतीचा स्टिकर (१९५८ च्या कायद्याने तो नव्या गाडीवर लावणं सक्तीचं झालं), हे सगळं एका टेबलावर मांडून फोटो काढतात. झेड८ सोबत कंपनीने रंग जुळवलेला हार्डटॉप दिला होता, तो नसेल तर पहिला प्रश्न तोच. झेड८ मध्ये पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर खड्ड्यांच्या धक्क्याने वर फुगतात ही ओळखीची तक्रार आहे, तेव्हा तिथलं मोजमाप करून घेतलेला रिपोर्ट फाइलमध्ये असला तर घेणारा निश्चिंत होतो. प्रत्येक मॉडेलचं असं एक दुखणं असतं आणि खरेदीदाराला ते पाठ असतं, १९९७ ते २००८ च्या पोर्शे बॉक्स्टरमध्ये इंजिनाच्या आतलं आयएमएस, म्हणजे मधल्या शाफ्टचं, बेअरिंग, त्या काळातल्या फेरारीत चिकट झालेली प्लास्टिकची बटणं. रिकॉल, म्हणजे दोष सुधारायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का तेही बघावं, २०२३ मध्ये पोर्शेने करेरा जीटीच्या मालकांना सस्पेन्शनचे जोड बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं होतं, अशी गाडी काम न करता रॅम्पवर नेणं म्हणजे स्वतःच भाव पाडणं.

टायरच्या खाचांची खोली भरपूर दिसते म्हणून मालक खूश असतो, पण बघणारा खाली वाकून टायरच्या बाजूला छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचतो. ३५०९ म्हणजे २००९ सालचा ३५ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीत हा घोळ नेहमीचा. टायर झिजलेले नसतात पण रबर दगडासारखं झालेलं असतं, आणि गाडी चालवलीच नाही तर सील सुकतात, पेट्रोल शिळं होतं. तरी ओडोमीटरचा आकडा भावावर राज्य करतो, मॉडर्न गाडीत तर जास्तच, कारण अगदी तशाच आणखी शेकडो गाड्या जगात आहेत आणि त्यांच्यात फरक करायला किलोमीटर, रंग आणि कागद एवढंच हातात उरतं.

ऑक्शन कोणतं निवडायचं यावर निम्मा निकाल ठरतो. बॅरेट-जॅक्सन या लिलाव कंपनीचं पहिलं ऑक्शन १९७१ मध्ये झालं, ॲरिझोनात स्कॉट्सडेलला जानेवारीत त्यांचा मोठा मेळा भरतो आणि बहुतेक गाड्या नो रिझर्व्ह, म्हणजे किमान किमतीची अट न ठेवता, जातात. मेकम ही दुसरी कंपनी त्याच महिन्यात फ्लोरिडात किसिमीला हजारो गाड्या काढतं. दोन्हीकडे जानेवारीत ऊन असतं, बर्फातून आलेल्या माणसाला तिथे उघडी गाडी बघून जो मोह होतो तो खरा असतो. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला आरएम सदबीज, गुडिंग वगैरे मंडळी असतात, तिथे गाड्या कमी पण घेणारे मोठे. ऑनलाइनमध्ये ब्रिंग अ ट्रेलर या वेबसाइटने २०१४ पासून लिलाव सुरू केले, शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जातं, त्यामुळे टपून बसून शेवटच्या सेकंदाला उडी मारणाऱ्याचा फायदा होत नाही. एस२००० सारख्या गाडीला ऑनलाइन उत्तम, कारण तिचे चाहते जगभर पसरलेत आणि शंभर फोटो बारकाईने बघतात.

मग येतो रिझर्व्हचा प्रश्न, म्हणजे यापेक्षा कमीला देणार नाही अशी गुप्त किंमत ठेवायची की नाही. नो रिझर्व्ह म्हटलं की हॉलमध्ये जीव येतो, गाडी आज नक्की कुणाची तरी होणार हे कळल्यावर बोली लावणारे मोकळे होतात, पण त्या दिवशी दोनच गंभीर माणसं आली आणि त्यातलं एक चहाला गेलं तर तुमची गाडी मातीमोल जाते आणि काही करता येत नाही. रिझर्व्ह ठेवला तर हे टळतं, पण मालक बहुधा तो स्वतःच्या आठवणींच्या किमतीवर ठेवतो. बऱ्याच ठिकाणी रिझर्व्हपर्यंत ऑक्शन कंपनी मालकाच्या वतीने बोली वाढवू शकते, नियमांत तसं छापलेलं असतं, तेव्हा रिझर्व्हच्या खाली ऐकू येणारी प्रत्येक बोली खऱ्या माणसाची असेलच असं नाही. माझ्या मते त्याच मॉडेलच्या मागच्या वर्षभरातल्या पाच-सहा विक्री काढाव्यात, सगळ्यात वरची बाजूला ठेवावी आणि उरलेल्यांच्या मधल्या आकड्याच्या थोडं खाली रिझर्व्ह ठेवावा.

पैशाचा हिशोब आधी कागदावर करावा. समजा हातोडा २,००,००० डॉलरवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी. खरेदीदार वर १० टक्के प्रीमियम देतो (मोठ्या कंपन्यांत साधारण १० ते १२), म्हणून छापून येणारा आकडा २,२०,०००. तुमच्याकडून ८ टक्के कमिशन गेलं तर हातात १,८४,०००, त्यातून एंट्री फी, बंद ट्रेलरचं भाडं, डिटेलिंग म्हणजे गाडीची बारीक साफसफाई वजा. बातमीतला आकडा वाचून स्वतःच्या गाडीचा भाव ठरवणारे इथेच फसतात, कारण तो आकडा विकणाऱ्याला कधी मिळतच नाही.

रॅम्पवरचा वेळ दोन-तीन मिनिटांचा. गाडी रांगेत सरकत येते, ऑक्शनचाच ड्रायव्हर आत असतो, त्याला क्लच कुठे पकडतो आणि हँडब्रेक कसा सोडायचा हे आधी लिहून द्यावं, कारण मंचावर इंजिन बंद पडलं की हॉल क्षणभर गप्प होतो आणि ते गप्प होणं महागात जातं. मालक शेजारी उभा असेल तर बोली थांबली की ऑक्शन कंपनीचा माणूस त्याच्याकडे वाकून विचारतो, रिझर्व्ह काढायचा का? तेव्हा मागचा लिलाववाला ओरडतोय, समोर कुणीतरी बोट वर करून उभा आहे, आणि उत्तर द्यायला पाच-सात सेकंद. कितीवर रिझर्व्ह काढायचा हा आकडा घरून ठरवूनच निघावं. नाही विकली गेली तर लगेच मागे टेबलावर बोलणी होतात आणि बऱ्याच गाड्या तिथेच, तासाभरात जातात, पण न विकलेली सगळ्यात वरची बोली लोकांच्या लक्षात राहते, म्हणून लगेच पुढच्या महिन्यात दुसऱ्या ऑक्शनला तीच गाडी नेऊ नये.

पैसे खरेदीदाराकडून जमा होऊन टायटलचे, म्हणजे मालकीचे, कागद पूर्ण झाल्यावर येतात, सहसा काही आठवड्यांत. अमेरिकेत वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या कलेक्टिबलच्या नफ्यावर केंद्राचा कर जास्तीत जास्त २८ टक्के लागतो, ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नसतो. आणि हातोडा पडला म्हणून लगेच विमा बंद करू नये, धोका घेणाऱ्याकडे नक्की कधी जातो ते करारात वाचावं, आणि गाडी तंबूतून हलली, हार्डटॉप आणि दुसरी किल्ली ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीवर लिहून घेतली, की मगच विमा कंपनीला फोन करावा.