सूर्यग्रहण सुरक्षित पाहण्याची पूर्वतयारी (ग्रामीण विदर्भ)

डोळ्यांना इजा होऊ न देता सूर्यग्रहण पाहता यावे म्हणून गावात आधीपासून करून ठेवायची व्यवस्था. साधने जमवणे व तपासणे, जागा ठरवणे, वेळा काढणे आणि मुलांना सराव देणे हे सगळे तिच्यात येते. गिऱ्हाण लागले की दार लावून घरात बसायचे, ही खेड्यातली जुनी रीत. पण घरातले एखादे पोर खिडकीतून किंवा अंगणात जाऊन वर पाहतेच. ज्या घरात काहीच सांगितलेले नसते, तिथले तेच पोर सगळ्यात जास्त धोक्यात असते. ‘पाहू नका’ एवढ्यावर भागत नाही. कसे पाहायचे हे ग्रहणाच्या आधी सांगून, दाखवून झालेले असावे लागते.

ग्रहणातले ऊन विषारी नसते. ते रोजचेच ऊन. फरक इतकाच, की एरवी सूर्याकडे डोळा ठरत नाही आणि ग्रहणात आपण मुद्दाम ठरवून पाहतो. डोळ्याचे भिंग तो प्रकाश पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधल्या बारीक जागेवर एकवटते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे ही कामे तीच जागा करते. तिथल्या पेशी तीव्र प्रकाशाने जळतात, पण दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. दुखत नाही म्हणून माणूस पाहत राहतो. काही तासांनी, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी, नजरेच्या ऐन मध्यावर डाग दिसतो, सरळ रेघ वाकडी दिसते, शब्दातले एखादे अक्षर गायब होते. काहींची नजर काही महिन्यांत बरीच सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. तो हमखास घालवणारे औषध नाही. असे काही जाणवले तर टपरीवरचे थेंब घालत न बसता जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात दाखवावे.

घराघरांत चालत आलेले बहुतेक उपाय धोक्याचे आहेत. परातीत पाणी घेऊन त्यात सूर्य पाहणे हा त्यांतला सर्वांत विश्वासाने केला जाणारा उपाय, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. चांगला ग्रहणचष्मा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एक लाख भागांपैकी जास्तीत जास्त तीनच भाग आत सोडतो. सूर्य डोक्यावर असताना स्थिर पाणी एक लाखातले सुमारे २,००० भाग परत फेकते, म्हणजे मर्यादेच्या सहाशे पटींहून अधिक. सूर्य कलला की हा आकडा आणखी वाढतो. पाण्यात हळद किंवा शेण कालवले तरी वरचा थर चकाकतोच. काजळी धरलेली काच, जुना एक्स-रे, उन्हाचा गॉगल, सीडी यांचीही तीच गत: उजेड कमी झाल्यासारखा वाटतो, बाहुली मोठी होते आणि न दिसणारे अवरक्त किरण आत शिरत राहतात. तालुक्याच्या ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानातली काच चालते का, असे हमखास विचारले जाते. सूर्यासाठी १४ क्रमांकाची काच घ्यावी. कारागिराच्या हातातल्या ढालीत बहुधा १० किंवा ११ क्रमांकाची असते आणि ती पुरत नाही.

चष्मा घ्यायचा तर त्यावर ‘आयएसओ १२३१२-२’ हे मानक छापलेले असावे. नुसत्या छापावर विसंबू नये, कारण छाप कोणीही मारू शकतो. घरात चष्मा लावला की सगळा काळोख दिसला पाहिजे. मोबाइलची बत्ती समोर धरली तर तीच तेवढी मंद दिसावी. खुर्ची, दार, माणूस यांतले काहीही दिसले तर तो चष्मा बाद. चष्म्यातला काळा पातळ पत्रा (फिल्म) चुरगळलेला, ओरखडा पडलेला, टाचणीएवढेही भोक असलेला असेल तरी बाद. लावण्याची रीत अशी: मान खाली, चष्मा डोळ्यांवर, मग मान वर, उतरवताना आधी मान खाली. नंबरचा चष्मा असेल तर ग्रहणचष्मा त्याच्यावरून लावावा. दुर्बिणीतून मात्र तो लावून कधीही पाहू नये. दुर्बीण प्रकाश एकवटते आणि चष्म्याचा पत्रा क्षणात जाळते. तिच्यासाठी वेगळा सौर फिल्टर लागतो, आणि तो पुढच्या तोंडाला बसवतात.

साठ घरांच्या गावाला साठ चष्मे मिळतीलच असे नाही, आणि त्याने फारसे अडतही नाही. विदर्भातल्या जुन्या घरांत ग्रहण पाहण्याचे उत्तम साधन छपरालाच असते. दोन कवेलूंच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोल पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. ग्रहण लागले की हेच कवडसे कडेने कुरतडत जातात आणि जमिनीवर चंद्रकोरी उमटतात. टिनाच्या पत्र्याला पडलेले खिळ्याचे भोक, तट्ट्याची फट, निंबाच्या पानांमधल्या सांदी, सगळीकडे तेच. प्रतिमा किती मोठी पडेल याचा हिशेब सोपा आहे: भोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर सुमारे ११० ने भागायचे. एक मीटरवर नऊ मिलिमीटर, पावणेतीन मीटर उंच छपराखाली अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण नाण्याएवढी. भोक मोठे झाले तर प्रतिमा उजळ पण पुसट होते. बारीक भोकाची अंधूक पण रेखीव पडते.

छप्पर स्लॅबचे असेल तर चाळणी घ्यावी. उन्हाकडे पाठ करून ती खांद्याच्या वर धरावी आणि तिची सावली पांढऱ्या कागदावर किंवा धुतलेल्या धोतरावर पाडावी. शंभर भोकांच्या शंभर कोरी एकदम दिसतात. बुंदीचा झारा, बांबूचे विरळ विणीचे टोपले, इतकेच काय एकमेकांवर आडवी धरलेली दोन्ही हातांची बोटेही चालतात. नियम एकच: पाठ सूर्याकडे, नजर जमिनीकडे. चाळणीतून वर सूर्याकडे पाहायचे नाही. हे मुलांना शब्दांत सांगून पुरत नाही, आदल्या दिवशीच्या उन्हात उभे करून दाखवावे लागते.

शाळेसाठी याहून चांगला आरसा. दाढीच्या आरशाला कागद चिकटवून मधोमध नखाएवढे भोक ठेवायचे. आरसा मैदानात विटांच्या आधाराने टेकवायचा आणि कवडसा वर्गाच्या उघड्या दारातून आतल्या भिंतीवर सोडायचा. खिडक्यांना पोती लावून वर्ग अंधारा केलेला असावा. दहा मीटरवर सुमारे नऊ सेंटिमीटरचा सूर्य पडतो, आणि तिसरीचा वर्ग असो की बचत गटाच्या बाया, सगळ्यांना एकाच वेळी तो दिसतो. सूर्य सरकतो तसा कवडसाही भिंतीवरून चालत जातो, म्हणून आरशापाशी एक मोठे माणूस बसवावे. त्याचे दुसरे काम, कोणाच्याही डोळ्यांवर तो झोत जाऊ न देणे.

वेळा काढताना एक चूक वारंवार होते. टीव्हीवर मुंबईच्या वेळा सांगतात आणि गाव त्या धरून बसते. स्पर्श (ग्रहण लागणे), मध्य व मोक्ष (ग्रहण सुटणे) यांच्या वेळा गावागणिक बदलतात, त्यामुळे पंचांगात नागपूरच्या किंवा जवळच्या शहराच्या पाहाव्यात. २५ ऑक्टोबर २०२२ चे, दिवाळीतले ग्रहण ग्रस्तास्त होते, म्हणजे ग्रासलेलाच सूर्य मावळला. त्या दिवशी नागपूरचा सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटे आधी बुडाला. अशा ग्रहणाला पश्चिम मोकळी दिसेल असा वावराचा बांध किंवा टेकाड आधी हेरून ठेवावे. मावळतीचा लाल सूर्य सौम्य वाटतो, तरी चष्मा सोडू नये.

वेध पाळणाऱ्यांनी ते जरूर पाळावेत. उपास केल्याने किंवा नंतर आंघोळ केल्याने पाहण्यात काही अडत नाही. पण ग्रहणाने अन्न बिघडत नाही आणि गरोदर बाईने भाजी चिरली म्हणून बाळाला व्यंग येत नाही. तिला दिवसभर अंधाऱ्या खोलीत पाण्यावाचून बसवणे हाच तिला खरा त्रास आहे. ग्रहणातच परातीत मुसळ उभे राहते असे म्हणतात; पण ते उभे राहते ते बूड सपाट असल्यामुळे, आणि ते कोणत्याही दिवशी उभे करून दाखवता येते. ग्रहणाआधी शाळेत एकदा ते करून दाखवले तर पुढची निम्मी समजूत आपोआप पटते.

या भागाला ग्रहण पाहण्याची मोठी परंपरा आहे, पण ती गावांत सांगितली जात नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास (सूर्य पूर्ण झाकणाऱ्या) ग्रहणाचा पट्टा रत्नागिरीकडून वऱ्हाडावरून गेला. तेव्हा ब्रिटिश खगोलमंडळाच्या एका तुकडीने वर्धा–बडनेरा रेल्वेमार्गावरच्या तळणी या लहानशा गावी मुक्काम ठोकला. वॉल्टर आणि अॅनी माँडर हे दांपत्य, तसेच जॉन एव्हरशेड त्या तुकडीत होते. अॅनी माँडर यांनी तिथे छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातून (खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयातून) लांबवर गेलेल्या झोताचे छायाचित्र घेतले; इतका लांब झोत तोवर छायाचित्रात उतरला नव्हता. शेजारच्या पुलगावलाही दुसरी तुकडी होती. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीसाठी ही माणसे समुद्रापलीकडून यंत्रे घेऊन आली आणि आधीपासून तालीम करत राहिली. ११ ऑगस्ट १९९९ ला खग्रास पट्टा पुन्हा विदर्भावरून गेला, पण तो ऐन पावसाळा होता.

खग्रास स्थितीत, सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर तेवढी मिनिटे चष्मा काढता येतो. खंडग्रास (सूर्याचा काही भागच झाकणारे) आणि कंकणाकृती (कडेने उजेडाची बांगडी उरणारे) ग्रहणात असा एकही क्षण नसतो. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण इजिप्तमध्ये खग्रास असले तरी भारतातून खंडग्रासच दिसेल, तेही दुपार कलल्यावर, निंदणाच्या दिवसांत. ढग असले तर फटीतून अचानक सूर्य निघतो आणि वावरातल्या बाया सहज वर पाहतात. त्यांच्यापर्यंत शाळेतली सूचना पोचत नाही. चष्मे आणि चाळण्या वावरातच न्याव्या लागतील. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि आपल्याकडे खंडग्रास ग्रहण भर दुपारी येईल. मे महिन्यातल्या त्या उन्हात डोळ्यांइतकेच डोके सांभाळावे लागेल. पाहणे निंबाच्या सावलीत किंवा वर्गातल्या भिंतीवर व्हावे, आणि माठ जवळ असावा.

ग्रहण सुटल्यावर चष्मे टाकून देऊ नयेत आणि मुलांच्या हाती खेळायलाही देऊ नयेत. वहीच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून शाळेच्या कपाटात ठेवावेत आणि पुढच्या वेळी पुन्हा बत्तीसमोर धरून तपासावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी प्रत्येक मुलाला एकेक डोळा झाकून फळ्यावरची एक ओळ वाचायला लावावी.