न्याय्य व्यापार

न्याय्य व्यापार : विकसनशील देशांतील छोटे उत्पादक व मजूर यांना ठरीव किमान भाव, सामूहिक कामांसाठी अधिमूल्य (भावाव्यतिरिक्त मिळणारी जादा रक्कम) आणि टिकाऊ खरेदी-संबंध मिळवून देऊ पाहणारी व्यापारपद्धती. मराठीत ‘फेअर ट्रेड’ हाच शब्द अधिक रुळला आहे. इंग्रजीत हे शब्द सुटे लिहिले तर चळवळ आणि जोडून लिहिले तर विशिष्ट प्रमाणनचिन्ह असा भेद करतात. देवनागरीत तो सहसा पाळला जात नाही, त्यामुळे घोळ होतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. काहीजण तो अठराव्या शतकाच्या अखेरच्या ब्रिटनमधील साखर-बहिष्कारापर्यंत मागे नेतात. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमांची साखर नाकारणाऱ्या घरांत पुढे ‘ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न केलेली’ अशा अक्षरांच्या साखरदाण्या आल्या. (हिंदुस्थानातल्या ऊसवाल्याच्या पदरात काय पडते, हे त्या साखरदाणीवर लिहिलेले नसे.) अमेरिकी लेखनात १९४६ हे आरंभवर्ष मानतात. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या एडना रूथ बायलर यांनी प्वेर्त रीकोतील स्त्रियांचे भरतकाम त्या सुमारास मायदेशी विकायला घेतले. ब्रिटिश लेखक १९५० नंतरच्या दशकात ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या दुकानांतून विकलेल्या चिनी निर्वासितांच्या हस्तवस्तूंचा दाखला देतात. हे सर्व धागे खरे असले, तरी त्यांत भाव बांधून देण्याची रीत नव्हती. विक्री ग्राहकाच्या सद्भावनेवर चाले. त्यामुळे नेदर्लंड्समधील घडामोडींना अधिक वजन देणे सयुक्तिक वाटते. १९६८ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत ‘मदत नको, व्यापार हवा’ ही भूमिका पुढे आली आणि १९६९ मध्ये ब्रेकेलेन या डच गावी अशा मालाचे पहिले दुकान उघडले.

प्रमाणनचिन्हाची कल्पना मात्र मेक्सिकोतून आली. वाहाका राज्यातील डोंगराळ भागात आदिवासी कॉफी-उत्पादकांना ‘कोयोटे’ (कोल्हा) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दलालांवाचून गिऱ्हाईक नव्हते. १९८० नंतर त्यांनी उसिरी ही सहकारी संघटना उभारली. तेथे राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हॅन डर हॉफ आणि सॉलिडारिडाड संस्थेचे निको रोझेन यांनी १९८८ मध्ये ‘मॅक्स हॅव्हलार’ हे चिन्ह सुरू केले. जावातील वसाहतवादी शोषणावरच्या १८६० च्या डच कादंबरीच्या नायकाचे हे नाव. चिन्हामुळे माल खास दुकानांतून निघून नेहमीच्या किराणा दुकानांत गेला. देशोदेशींच्या चिन्हसंस्थांचा महासंघ १९९७ मध्ये झाला.

भावाची रीत कॉफीत सर्वांत स्पष्ट दिसते. १९८९ मध्ये भाव सावरून धरणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यात-कोटापद्धत कोसळली. २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बाजारातील अरेबिका या कॉफीच्या जातीचा भाव पौंडाला ५० सेंटांच्या खाली गेला, तेव्हा या पद्धतीतील किमान भाव १.२१ डॉलर होता. २०२३ पासून धुतलेल्या (पाण्याने गर काढून वाळवलेल्या) अरेबिकाला तो १.८० डॉलर आहे. बाजार १.१० वर असला तरी खरेदीदाराने १.८० आणि वर २० सेंट अधिमूल्य द्यायचे; बाजार २.५० वर गेला तर २.५० अधिक २० सेंट. पैसे संघटनेकडे जातात. अधिमूल्य रस्त्याला, शाळेला की वाळवणीच्या ओट्याला, हे सभासद सभेत ठरवतात. मागितल्यास कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत उचलही मिळू शकते, आणि सावकाराशी गाठ पडणाऱ्याला ती बहुधा भावाइतकीच मोलाची असते.

गरिबी यातून किती हटते, याविषयी निष्कर्ष सावध आहेत. ग्वातेमालातील अभ्यासात असे दिसले की लाभ वाढला की प्रमाणन घेणारे वाढतात, चिन्हाखाली विकला जाणारा वाटा घटतो आणि लाभ विरतो. लंडनच्या सोॲस संस्थेच्या २०१४ च्या अहवालानुसार इथिओपिया व युगांडातील प्रमाणित भागांत शेतमजुरांची मजुरी इतर ठिकाणांहून अधिक नव्हती. लाभ जमीनधारकापाशी थांबतो आणि त्याच्याकडच्या रोजंदारीवाल्यापर्यंत पोचत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार दिसतो. मोठ्या मळ्यांना कॉफीत चिन्ह द्यावे की नाही, या वादातून अमेरिकेतील चिन्हसंस्था २०११ अखेर महासंघाबाहेर पडली.

भारतात चहा, कापूस व हस्तवस्तू ही मुख्य क्षेत्रे. विदर्भातील कापूस-उत्पादकांचे काही गट चेतना ऑर्गॅनिकमार्फत या साखळीत आहेत. किमान भावाची कल्पना तेथे हमीभावामुळे परिचित होती. गटाच्या खात्यावर येणारे अधिमूल्य नवे होते.